नावाची चौकट

सारिका आणि तिचे आबा एकमेकांशी बोलत नसत, पण त्यांचं भांडण झालेलं नव्हतं. गावाला हे पटवणं कठीण. अबोला म्हटला की गावाला त्यामागे एखादा बांध लागतो, भाऊबंदकी लागते, निदान शेजारच्या वाफ्यात शिरलेली कोंबडी तरी लागतेच. इथं तसलं काही नव्हतं. दोघांच्या मधे बसून एकाचं बोलणं दुसऱ्याकडे पोचवणारी बाई दोन वर्षांपूर्वी गेली होती, एवढंच झालं होतं.

ती बाई म्हणजे सारिकाची आई, गिरजा. सारिका मोठी झाली तेव्हापासून बापलेकीचं सगळं बोलणं गिरजाच्या तोंडून चाले. त्यात राग नव्हता, त्या घराची रीत होती. आबा म्हणायचे, 'पोरीला सांग, धसईला जायचं तर उन्हाच्या आत जा.' पोरगी दोन हातांच्या अंतरावर उभी असायची, तिनं ऐकलेलंही असायचं. तरी गिरजा वळून तिला सांगायची की आबा म्हणतात, उन्हाच्या आत जा. आणि सांगताना आपल्या पदरचं थोडं घालायची. लेकीचा बारावीचा निकाल ऐकून आबांनी नुसतं 'बरं' म्हटलं, ते गिरजाच्या तोंडून 'आबांना लई बरं वाटलं, दोनदा इचारलं' असं होऊन आलं. सारिकाला ठाऊक होतं की आबांनी एकदाही विचारलं नसणार. पण ऐकायला गोड वाटलं ते वाटलंच.

गिरजा गेली आणि मधली जागा रिकामी पडली. सारिका तेव्हा शहापूरला खोली घेऊन राहत होती. तिचं लग्न झालेलं नव्हतं. का झालं नव्हतं याची गावात पाच-सहा उत्तरं होती, आणि त्यातलं एकही तिनं दिलेलं नव्हतं. आई गेल्यावर तिनं खोली सोडली, कॉम्प्युटर पोत्यात गुंडाळून एसटीत घातला आणि धसईच्या आत डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या वाडीत कायमची आली. लोक म्हणाले, पोर बापासाठी आली. आली ती बापासाठीच. पण आल्यावर बापाशी काय बोलायचं, हे तिला सांगणारं कुणी नव्हतं.

मग दोघांनी आपापली सोय लावली. सारिका ओटीच्या कडेवर पेजेचा टोप ठेवायची आणि पळीनं एकदा वाजवायची. आबा शेतावरून आले की दारात खोकायचे. भाजी आणली की चुलीपाशी ठेवून द्यायचे. 'येतो', 'ठेवलंय', 'हां' एवढ्या शब्दांवर दिवस निघे. त्या घरात माणसांपेक्षा भांडी जास्त बोलत.

सारिकाचं काम भाषांतराचं. शहापूरला ती आधी एका झेरॉक्सच्या दुकानात मराठी टायपिंग करायची. तिथून एका कंपनीची चाचणी देऊन ती या कामात शिरली. कंपनी लांबची. तिथल्या रुपाली नावाच्या बाईकडून मेल यायची, मेलमधून फाइल यायची आणि काम झालं की फाइल परत जायची. रुपालीचा आवाज सारिकानं कधी ऐकला नव्हता. तरी तिनं मनातल्या मनात तिला एक आवाज देऊन ठेवला होता, जरा घोगरा, सर्दी झाल्यासारखा. माणूस एकटं पडलं की असली कामं करत बसतं.

घरात कॉम्प्युटरला पुरेल एवढी रेंज फक्त मागल्या खोलीच्या खिडकीत यायची, म्हणून टेबल तिथं. पडद्यावर डावीकडे इंग्रजी वाक्य, उजवीकडे मराठीसाठी रिकामी जागा. आणि इंग्रजी वाक्याच्या पोटात मधेमधे आकडे घातलेल्या लहान जांभळ्या चौकटी. त्यांना म्हणतात टॅग. एक चौकट सांगते, इथून अक्षर जाड करा. दुसरी सांगते, इथवर पुरे. एखाद्या चौकटीच्या जागी वाचणाऱ्याचं नाव येऊन बसतं. या चौकटी भाषांतर करायच्या नसतात, पुसायच्या नसतात. त्या जशाच्या तशा उचलून मराठी वाक्यात मांडायच्या, आणि मांडायच्या तिथं मांडायच्या. एखादी राहिली तर सॉफ्टवेअर लाल त्रिकोण दाखवून अडून बसतं, फाइल सोडत नाही.

आता यात एक मेख आहे, आणि हे काम करणारे सगळे ती जाणून आहेत. सॉफ्टवेअर चौकटी मोजतं. त्या कुठं पडल्या, हे त्याला कळत नाही. कंटाळलेला माणूस वाक्य आधी लिहून टाकतो आणि उरलेल्या चौकटी शेवटी एका ओळीत ढकलून देतो. लाल त्रिकोण जातो, हिरवी खूण येते, जाड अक्षर कशावरच पडत नाही आणि कुणाच्या बापाला कळत नाही. सारिकानंही सुरुवातीला हे केलं होतं, कधी चौकटी अंदाजानं कुठंही टाकल्या होत्या. मग कुकरच्या एका पुस्तिकेत 'वाफ असताना झाकण उघडू नका' यातलं फक्त 'उघडू' जाड होऊन छापलं गेलं, आणि ती छापील पुस्तिका शहापूरच्याच एका भांड्यांच्या दुकानात तिच्या हातात आली. त्या दिवसापासून तिनं धडा घेतला. आधी वाक्य नीट वाचायचं, जोर कुठं आहे ते बघायचं, चौकटी मांडायच्या आणि मग त्यांच्याभोवती शब्द लिहायचे. वेळ जातो, पण चौकट चुकत नाही. कंपनीत तिचं नाव त्यासाठीच होतं.

गिरजानं एकदा तिच्या मागे उभं राहून हे काम बघितलं होतं. बराच वेळ बघून ती आबांना जाऊन म्हणाली की पोर लावणीच करते, इथलं रोप काढून तिथल्या खाचरात लावते, नुसता चिखल नाय. आबांनी 'हां' म्हटलं होतं. गिरजानं येऊन सांगितलं, 'आबा म्हणतात, लई जिकिरीचं काम हाय तुझं.'

दिवाळीच्या सुमाराला रुपालीकडून एक वेगळं काम आलं. कुठल्याशा संस्थेनं म्हाताऱ्या माणसांसाठी फोनवरची सेवा काढली होती. रोज सकाळी एक संदेश जायचा, तब्येत विचारायचा. माणसानं माइकचं बटण दाबून उत्तरात बोलायचं. ते बोलणं कुणी ऐकत नसे. मशीन त्यातून 'बरं' की 'बरं नाही' एवढंच वेचून घ्यायचं, आणि सारखं 'बरं नाही' आलं तर आरोग्यसेविकेला कळवायचं. मुरबाड-शहापूरकडच्या लोकांसाठी संदेश तिकडच्याच बोलीत हवे होते, पुस्तकी नकोत. तिकडची म्हणून काम सारिकाकडे आलं.

मुख्य वाक्यात चार चौकटी होत्या. पहिलीत माणसाचं नाव येणार. दुसरी आणि तिसरी यांच्यामधला प्रश्न जाड होणार. चौथीत दुखण्याची जागा येणार, गुडघा म्हणा, खांदा म्हणा. इंग्रजीत होतं की आज तुम्ही कसे आहात, न्याहारी केलीत का, दुखणं सहन करत बसू नका, आम्हाला कळवा. सारिकानं लिहून पाहिलं, खोडलं, परत लिहिलं. हे वाक्य तिच्या तोंडात बसेना. मग तिनं डोळे मिटले आणि आई ओटीवर उभी राहून आबांना सकाळी काय विचारायची ते आठवलं. मग वाक्य आपोआप आलं. पहिली चौकट, स्वल्पविराम, 'पेज झाली का?' मग जाड अक्षरात, चौथी चौकट पोटात घेऊन, 'गुडघा' किंवा जे काय असेल ते, 'कसा हाय?' आणि शेवटी, 'दुखत असंल तर गुमान सोसू नका, सांगा.'

'गुमान सोसू नका' हे गिरजाचं खास. ते लिहून झाल्यावर सारिकानं तीनदा वाचलं. ती उठून पाणी प्यायली.

भाषांतर झाल्यावर ते करणाऱ्यानंच एका खऱ्या फोनवर चाचणी करायची होती, चौकटींत नाव नीट बसतं का ते बघायला. सारिकानं आबांचा नंबर टाकला. फोन तिनंच त्यांना घेऊन दिलेला. नावाच्या रकान्यात तिनं लिहिलं, आबा. खरं नाव काळूराम. पण ते नाव तिच्या तोंडातून जन्मात कधी निघालं नव्हतं, हातातून तरी कसं निघणार. दुखण्याच्या रकान्यात लिहिलं, गुडघा. बटण दाबलं. पडद्यावर संदेश पोचल्याची खूण आली आणि बाजूला तो कसा दिसतो तेही आलं. नाव जागेवर, जाड अक्षर जागेवर. तिनं फाइल धाडून दिली आणि दुसऱ्या कामाला लागली. चाचणी झाल्यावर नंबर काढून टाकावा, असं त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं. ते तिनं वाचलं नाही. ती शेवटपर्यंत वाचणारी बाई, पण त्या दिवशी तिला आईची आठवण येत होती.

थंडी पडायला लागली तसे आबा बदलले.

सकाळी ते ओटीवर खांबाला टेकून बसू लागले, फोन गुडघ्यावर ठेवून. सारिका आत टेबलाशी बसली, तिच्या बोटांची टकटक सुरू झाली, की थोड्या वेळानं बाहेर फोन गुरगुरायचा. मग बराच वेळ काही नाही. आबा चौथी शिकलेले, ओळीवर बोट फिरवत वाचायचे. आणि मग त्यांचा आवाज यायचा, हळू, तोंडाशी फोन धरलेला. शब्द आतपर्यंत पोचत नसत. पण कितीतरी वेळ बोलत. दोन वर्षांत सारिकाशी बोलले नव्हते तेवढं एका सकाळी बोलत.

सारिका टकटक थांबवून ऐकत राही. कोण असेल? धसईच्या बाजारात दोरखंड आणि कोयते विकणारा धाऊ त्यांचा जुना दोस्त, तोच असणार. फोनवर बोलता येतं, हे बरंच झालं, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण मनाला लागायचं ते लागलंच. घरात लेक आहे, भिंतीच्या अलीकडे आहे, आणि बापाला बोलायला लांबचा धाऊ लागतो. ती दिवसभर कुठल्या कुठल्या परक्या म्हाताऱ्यांना कसे आहात म्हणून विचारणारी वाक्यं लिहिते, आणि तिला कुणी विचारत नाही. हे असं सरळ मनात आलं तेव्हा तिला रडू आलं. आपण एकटे आहोत हे तिला माहीत होतं, पण तो शब्द तिनं त्या दिवसापर्यंत स्वतःला लावला नव्हता.

आणखी एक नवीन गोष्ट सुरू झाली. तिच्या खिडकीच्या कट्ट्यावर सकाळी काहीतरी ठेवलेलं असायचं. कधी वालाच्या ओल्या शेंगा, कधी बोरं, कधी पिकलेला पेरू, एकदा तर माळावर सापडलेली सुकी गोवरीच. सारिकाला वाटलं, आबांना आताशा चुलीपर्यंत जायचा कंटाळा येतो, गुडघा दुखत असेल. ती शेंगा सोलायची, बोरं डब्यात घालायची आणि गोवरी चुलीपाशी नेऊन टाकायची. गुडघा कसा आहे हे विचारावं असं तिच्या मनात येई. पण तोंड उघडायचं म्हटलं की आई लागायची.

पौषात ती धसईला गेली होती. धाऊच्या दुकानापुढून जाताना त्यानं हाक मारून बसवलं, चहा सांगितला आणि आबांची चौकशी केली. सारिका जरा तिरकसपणे म्हणाली की रोज तर फोनवर बोलणं होतं तुमचं. धाऊ हसायला लागला. म्हणाला, काळूरामाचा फोन दिवाळीपासून आला नाय. येतो बाजाराला तेव्हा भेटतो तेवढाच.

"आन् भेटला की तुझीच तारीफ," धाऊ म्हणाला. "लेक रोज इचारपूस करते म्हनतो. गुडघ्याची, पेजेची. सगळ्या बाजाराला सांगून झालं त्याचं."

सारिकानं चहा खाली ठेवला. तिला वाटलं, आबा चार लोकांत खोटं बोलतात. लेक बोलत नाही हे झाकायला, घराची अब्रू राखायला, मनानं रचून सांगतात. तिला इतकी लाज वाटली की ती एसटीची वाट न बघता निम्मा रस्ता चालत आली. आज जाऊन विचारायचंच, असं ठरवून आली. ओटीवर आबा बसले होते. त्यांनी वर बघितलं. ती म्हणाली, "आलेय." ते म्हणाले, "हां." ती आत गेली.

शिमग्याच्या आधी रुपालीची मेल आली. ती म्हाताऱ्यांची सेवा बंद होणार होती. का, ते लिहिलं नव्हतं. बंद होण्याचे संदेश तेवढे मराठीत हवे होते, आणि या वेळी बोली नको, स्वच्छ प्रमाण मराठी, कुणाचा गैरसमज व्हायला नको. सारिकाला वाईट वाटलं. आईचं वाक्य आता कुणाकडे जाणार नाही, एवढंच तिच्या मनात आलं.

शेवटच्या संदेशात तीनच चौकटी. पहिलीत नाव. दुसरी आणि तिसरी यांच्यामधे जाड अक्षर. इंग्रजीत जोर होता, यापुढे उत्तर पाठवू नका, यावर. कंटाळा आलेला दुसरा कुणी असता तर त्या दोन चौकटी वाक्याच्या शेवटी ढकलून मोकळा झाला असता, आणि संदेश साध्या अक्षरात गेला असता. सारिकानं तसं केलं नाही. तिनं वाक्य नीट मांडलं. 'उद्यापासून हे संदेश बंद होत आहेत. कृपया यापुढे उत्तर देऊ नये.' दुसरी चौकट 'यापुढे'च्या अलीकडे, तिसरी 'नये'च्या पलीकडे. जोर बरोबर जिथं पडायचा तिथं पडला. हिरवी खूण आली.

काही दिवसांनी एका सकाळी सारिका टेबलाशी बसली, टकटक सुरू झाली, बाहेर फोन गुरगुरला. आणि आबांचा आवाज आलाच नाही. तिनं कान दिला. काहीच नाही. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली तर ओटी रिकामी, पेजेचा टोप भरलेला. आबा शेतावर गेले होते.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला नाही. खिडकीच्या कट्ट्यावर काही नव्हतं. आबा खांबाला टेकून बसले, फोन गुडघ्यावर, हात फोनवर. आतली टकटक सुरू झाली तशी त्यांनी फोनकडे बघितलं आणि नुसतं बघतच राहिले. तिसऱ्या दिवशीही तेच. पेज प्यायले ती अर्धी. रात्रीची भाकरी तशीच. सारिकानं पळीनं टोप वाजवला, परत वाजवला. भांड्यांना जेवढं बोलता येतं तेवढं बोलून झालं. आजारी आहेत का, मुरबाडला दवाखान्यात न्यावं का, कसं विचारावं, या काळजीत ती खोलीत जाऊन बसली. पडद्यावर कुठल्यातरी मिक्सरची पुस्तिका उघडी होती. तिला एक अक्षर सुचेना.

तेवढ्यात दारात खोकला आला. घराच्या दारात नव्हे, खोलीच्या दारात. आबा उंबऱ्याबाहेर उभे होते. या खोलीत ते लेक मोठी झाल्यापासून आले नव्हते. त्यांच्या हातात फोन होता, पुढे धरलेला.

"काय चुकलं गो माझं?" आबा म्हणाले.

सारिका उठून उभी राहिली. तिला काही समजलं नाही.

"मी कायतरी वंगाळ बोललू असंन. इसरलू असंन. पन एवढं जाड अक्षरात लिवलंस. उत्तर देऊ नये." ते खाली बघत होते. "गुमान सोसू नका म्हनायचीस ती तूच ना? म्हनून बोलत व्हतू. नायतर मी कशाला बोललू असतू."

सारिकानं फोन हातात घेतला. सगळ्यात खाली तिचंच वाक्य होतं, तिनं मांडलेलं, दोन्ही चौकटी जागेवर. 'आबा, उद्यापासून हे संदेश बंद होत आहेत.' आणि पुढचं, जाड. पहिल्या चौकटीत तिच्या हातानं बसवलेलं नाव होतं. जगात त्या माणसाला त्या नावानं हाक मारणारी एकच होती. त्याच्यावर आदल्या दिवसाचा संदेश, त्याच्यावर त्याच्या आदल्या दिवसाचा. 'आबा, पेज झाली का? गुडघा कसा हाय?' दिवाळीपासून रोज. आणि प्रत्येकाच्या खाली आबांच्या आवाजाची एक पट्टी, कुठं आखूड, कुठं लांब. एकाही पट्टीला पुढे उत्तर नव्हतं.

मग तिला सगळं एकदम कळलं. चाचणीसाठी टाकलेला नंबर तसाच राहून गेला होता. इकडे टकटक, तिकडे फोन. आई गेली तरी मधला रस्ता लेकीनं शोधून काढला, तोंडानं बोलायची लाज वाटते म्हणून लिहून विचारते, असं ते समजले होते. धाऊपाशी ते खोटं बोलत नव्हते. शेंगा, बोरं, पेरू ही उत्तरं होती. आणि ज्या उत्तरांतून मशीन नुसतं 'बरं' वेचून बाकीचं टाकून देत होतं, ती सगळी तिच्यासाठी होती.

आबा, ते मी नव्हते, असं सांगायला तिनं तोंड उघडलं. पण हे सांगितलं तर दिवाळीपासूनच्या सगळ्या सकाळी त्यांना कुणीच विचारलं नव्हतं, असं होत होतं. आणि ते खोटं होतं का? शब्द तिचे होते. नाव तिनं घातलं होतं. विचारायचं तिच्या मनात रोज होतं. फक्त विचारलं तिनं नव्हतं. हे कुणाला समजावून सांगायचं तर मधे गिरजा हवी होती. ती असती तर तिनं आपल्या पदरचं थोडं घालून दोन्हीकडचं जुळवून घेतलं असतं. सारिकाच्या लक्षात आलं की हे आता आपल्याजवळच राहणार, आणि ते घेऊन आपल्याला एकटीलाच राहायचं आहे.

"ते शेवटचं तुमच्यासाठी नव्हतं, आबा," ती म्हणाली. "चुकून तुमच्याकडं आलं. माझीच चूक."

आबांनी मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही. पण ते गेले नाहीत, उंबऱ्याबाहेर भिंतीला हात टेकून उभे राहिले. गुडघा दुखत असणार. सारिकानं आपली खुर्ची उचलून दारात नेली आणि त्यांना बसवलं. स्वतः उंबऱ्यावर बसली, फोन मांडीवर घेऊन. मग तिनं बोटानं वर वर सरकवत दिवाळीपर्यंत नेलं आणि पहिल्या पट्टीवर बोट ठेवलं.

आबांचा आवाज खोलीत आला, दचकलेला, फोनच्या फार जवळून. 'झाली पेज. गुडघा बरा हाय. तुजी झाली का?'

आबा ओशाळून दुसरीकडे बघू लागले.

"झाली," सारिका म्हणाली.

तिनं पुढची लावली. 'आज मागल्या खाचरात वाल टाकला. तुला शेंगा आवडतात ना?'

"आवडतात."

'खिडकीत थंडी लागत असंल. पोतं लावू का?'

"लागत होती, आबा. आता नाय लागत."

अशी ती एकेक लावत गेली आणि उत्तर देत गेली. काही पट्ट्यांत नुसता बैलांचा आवाज होता, आबांना बटण सोडायचं कळलं नव्हतं. एकीत ते बराच वेळ श्वास घेत होते आणि मग 'काय नाय' म्हणाले होते. तिलाही तिनं 'बरं' म्हटलं. प्रत्येकीच्या शेवटी तोच प्रश्न होता, तुजी झाली का, आणि तिनं तो एकदाही गाळला नाही. कधी कधी खरं उत्तर 'नाही' असं होतं. त्या दिवसांत ती टेबलाशीच बसून राहिली होती, उपाशी. तेही तिनं सांगितलं.

पौषातल्या एका पट्टीत आबांचा आवाज अगदी बारीक होता. 'आज गिरजाचा दिवस. तुला ठावं हाय का? तू त्याचं काय बोलली नायस.'

सारिकानं वर बघितलं. आबा खुर्चीत पुढे वाकून बसले होते.

"ठावं होतं," ती म्हणाली. "म्हणून तर वालाचं बिरडं केलं होतं. आई करायची तसं."

"मला वाटलं, इसरलीस."

"नाय, आबा."

आबांनी तोंडावरून हात फिरवला. मग फोनकडे बोट केलं.

"फुडचं लाव," ते म्हणाले.

तिनं पुढचं लावलं. खाली अजून पुष्कळ होतं.